लाटसाहेबांना ओलांडून गेलेली लहर

मैत्रिणींनो, शिरूरला आमच्या भागात एका इमारतीच्या गच्चीवर मोबाईलच्या टॉवरचा सांगाडा उभा राहिला आणि पंधरा दिवसांत महिला मंडळातले बाकीचे सगळे विषय मागे पडले. भिशी राहिली, सहलीचं राहिलं, जी ती त्या टॉवरच्या किरणांबद्दल बोलायला लागली. कुणी म्हणाली कॅन्सर होतो, कुणी म्हणाली गावातल्या चिमण्या त्यामुळेच गेल्या. एकीचं तर तेव्हापासून डोकं जड राहायला लागलं होतं. गंमत म्हणजे टॉवरला अजून विजेची जोडणीसुद्धा मिळालेली नव्हती! बोलता बोलता गाडी टॉवरवरून वाय-फायवर आली, तिथून मायक्रोवेव्हवर, तिथून इंडक्शनच्या शेगडीवर. एका आजींनी टीव्हीच्या रिमोटलाही सोडलं नाही.

मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. घरात तान्हं मूल असलं, सून पोटुशी असली की बाईला धास्ती वाटणारच. मी कला शाखेची, भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीला संपला. पण ग्रंथालयातून चरित्रं आणून वाचायची सवय जुनी आहे, आणि या किरणांचा माग काढता काढता एक ओळखीचाच माणूस नव्याने भेटला. जगदीशचंद्र बोस. झाडांना संवेदना असतात हे दाखवणारे शास्त्रज्ञ म्हणून आपण त्यांचं नाव शाळेत घोकलंय. पण झाडांकडे वळण्याआधी काही वर्षं हा माणूस ज्या लहरींच्या मागे लागला होता, त्याच घराण्यातल्या लहरी आज आपल्या स्वयंपाकघरात आणि उशाशी आहेत.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, मैमनसिंगचा. हे गाव आता बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी नोकरीत, डेप्युटी मॅजिस्ट्रेट. हुद्देदारांची मुलं इंग्रजी शाळेत जायची तो काळ, पण भगवानचंद्रांनी मुलाला आधी बंगाली शाळेत घातलं. वर्गात याच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा, दुसऱ्या बाजूला कोळ्याचा मुलगा. ती पोरं घरी आली की आई बामासुंदरी तिघांनाही एकत्र जेवू घालायची. बाई जुन्या वळणाची, सोवळंओवळं पाळणारी, पण पोरांच्या पानात तिने भेद केला नाही.

शाळेत पोचवायला जो माणूस ठेवला होता तो तर चक्क जुना दरोडेखोर. भगवानचंद्रांनीच त्याला शिक्षा ठोठावली होती. सुटून आल्यावर काम कोण देणार, म्हणून तो त्यांच्याच दारात उभा राहिला आणि त्यांनी त्याला घरात ठेवून घेतलं. त्याच्या खांद्यावर बसून, दरोड्यांच्या आणि मारामाऱ्यांच्या गोष्टी ऐकत हे पोर शाळेला जाई. आपण ओळखीच्या रिक्षावाल्याचीही दहा ठिकाणी चौकशी करतो, आणि या आईबापांची छाती बघा!

पुढे कलकत्त्याला सेंट झेवियर्समध्ये शिक्षण झालं. तिथे फादर लाफाँ नावाचे पाद्री प्रयोग करून दाखवत, त्यांच्यामुळे भौतिकशास्त्राची गोडी लागली. इंग्लंडला जायचं ठरलं तेव्हा वडील कर्जात होते. लोकांच्या भल्यासाठी काढलेल्या उद्योगांत त्यांचा पैसा बुडाला होता. आईने आपले दागिने मोडायची तयारी दाखवली. १८८० मध्ये ते डॉक्टर व्हायला लंडनला गेले खरे, पण अंगात ताप मुरलेला होता आणि शवविच्छेदनाच्या खोलीतल्या वासाने तो बळावायचा. शेवटी वैद्यक सोडून ते केंब्रिजला विज्ञान शिकायला गेले. १८८५ ला परतले आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले.

तिथे पहिला धक्का पगाराचा. हिंदी माणसाला गोऱ्या प्राध्यापकाच्या दोन-तृतीयांश पगार, आणि हंगामी म्हणून त्याच्याही निम्मा. जगदीशचंद्रांनी भांडण केलं नाही, राजीनामाही दिला नाही. शिकवत राहिले, पगार मात्र हातात घेतला नाही. एक महिना नाही, दोन नाही, तब्बल तीन वर्षं! शेवटी सरकारने पूर्ण पगार मान्य केला, मागच्या तीन वर्षांच्या थकबाकीसकट. ते पैसे वडिलांच्या कर्जात गेले.

आता मला सांगा, या तीन वर्षांत घर कोण चालवत होतं? १८८७ मध्ये त्यांचं लग्न अबला दास यांच्याशी झालं. नाव अबला, पण बाई तशी अजिबात नव्हती. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मुलींना प्रवेश नव्हता म्हणून १८८२ साली ती मद्रासला वैद्यक शिकायला गेली होती. तब्येतीमुळे ते शिक्षण अर्धवट राहिलं. लग्नानंतर दोघं काही काळ चंदननगरला, हुगळी नदीच्या काठी भाड्याने राहिली. चरित्रांत हकिकत येते ती अशी. स्टेशन पलीकडच्या तीराला, रोज नाव भाड्याने करणं परवडायचं नाही. म्हणून त्यांनी एक जुनी नाव विकत घेतली. सकाळी नवऱ्याला पलीकडे सोडून अबलाबाई स्वतः नाव वल्हवत परत यायच्या आणि संध्याकाळी पुन्हा न्यायला जायच्या. मी घोडनदीचा पूर पाहिलाय, दौंडला भीमेचं पात्रही पाहिलंय. हुगळी त्याहून केवढी तरी रुंद. नाव वल्हवत नेणारी ती नवी नवरी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

कॉलेजात प्रयोगशाळा म्हणावी अशी जागा नव्हतीच. न्हाणीघराला लागून एक चिमुकली खोली होती, तिथे त्यांनी संसार मांडला. मदतीला एक पत्र्याची कामं करणारा कारागीर, न शिकलेला. त्याच्याकडून नळ्या, शिंगाच्या आकाराची तोंडं, जाळ्या करून घ्यायच्या. १८९४ च्या नोव्हेंबरात ३६ वा वाढदिवस आला, त्या दिवशी त्यांनी संशोधनाला वाहून घ्यायचं ठरवलं म्हणतात.

विषय निवडला तो अदृश्य लहरींचा. मॅक्सवेल नावाच्या शास्त्रज्ञाने कागदावर गणित मांडून असं दाखवलं होतं की वीज आणि चुंबक मिळून लहरी तयार होतात आणि आपला उजेड हाही त्यातलाच एक प्रकार. जर्मनीच्या हर्ट्झने १८८७-८८ मध्ये ठिणगी पाडून तशा लहरी प्रत्यक्ष निर्माण केल्या. पण त्याच्या लहरी लांबलचक होत्या. बोस यांनी त्या आखूड केल्या, अगदी ५ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे ज्वारीच्या एका दाण्याच्या आसपास. एवढी आखूड लहर म्हटल्यावर सगळी उपकरणं टेबलावर मावली. साहित्य तरी काय? पिळलेला ताग. रेल्वेच्या वेळापत्रकाचं जाडजूड पुस्तक, त्याच्या पानापानांत वर्ख घातलेला. दौंडकर मैत्रिणींना हे विशेष आवडेल, तुमच्या गावाचं अर्धं आयुष्य वेळापत्रकावर चालतं!

१८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. एका खोलीत लहरी सोडणारं यंत्र, ७५ फुटांवर दुसऱ्या खोलीत लहरी टिपणारं. मधे भिंती, आणि मधेच बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे लाटसाहेब, आपल्या भक्कम देहासकट. तार कुठेच नाही. बोस यांनी इकडे ठिणगी पाडली आणि तिकडे घंटा वाजली, पिस्तूल उडालं, दारूचा छोटासा स्फोट झाला. लहरी साहेबांच्या अंगातून गेल्या असं चरित्रकार लिहितात. मिलिमीटरमध्ये मोजाव्यात इतक्या आखूड लहरी अंगात फार आत शिरत नाहीत, कातडीच्या वरच्या थरात जिरतात, हे आता माहीत आहे. त्यामुळे बऱ्याचशा वळसा घालून गेल्या असाव्यात. साहेबांना काही जाणवलं नाही एवढं खरं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण निम्मी भीती इथेच आहे. भिंतीपलीकडची दारू उडवणारी लहर म्हणजे केवढी जबरदस्त, असं आपल्याला वाटतं. पण दारू लहरीने उडवलीच नाही! टिपणाऱ्या यंत्राजवळ त्याची स्वतःची बॅटरी होती. लहरीने फक्त बटण दाबल्यासारखं केलं, पुढचं काम बॅटरीने केलं. स्वयंपाकघरातून आपण हळूच हाक मारायची आणि अंगणातल्या पैलवान पोराने धान्याचं पोतं उचलून आणायचं, तसं. पोतं हाकेने उचललं असं कुणी म्हणत नाही. मोबाईलचंही तेच. रिंग खणखणते ती बॅटरीच्या जोरावर, टॉवरकडून आलेली लहर इतकी क्षीण असते की आपल्याला त्याची कल्पनाही करता येत नाही.

योगायोग कसा पाहा. त्याच वर्षी, ८ नोव्हेंबर १८९५ ला, जर्मनीत रॉन्टजेनला क्ष-किरण सापडले. डिसेंबरात त्याने बायकोच्या हाताचा फोटो काढला, त्यात बोटांची हाडं आणि बोटातली अंगठी दिसली. पुढे १८९८ मध्ये मेरी क्युरी आणि पिअर क्युरी यांनी रेडियम शोधलं. एकाच दशकात जगाला दोन वेगळ्या गोष्टी मिळाल्या आणि आपण त्यांना एकच नाव देऊन बसलो. मोबाईल टॉवरचा किरणोत्सर्ग, एक्स-रेचा किरणोत्सर्ग, अणुभट्टीचा किरणोत्सर्ग, पेपरात सगळीकडे एकच शब्द छापून येतो. ऐकणारीच्या डोळ्यांपुढे हिरोशिमा उभं राहिलं तर तिचा काय दोष?

फरक मला एका शिक्षिकेने चिंचेच्या झाडावरून समजावला. झाडावर पोरं दिवसभर मूठमूठ माती उधळत बसली तरी एक चिंच खाली पडायची नाही. पण एकाच पोराने नेम धरून एक दगड मारला की पडते. क्ष-किरण आणि रेडियमचे किरण म्हणजे दगड. शरीराच्या पेशीतले धागे ते तोडू शकतात, आणि तिथून कॅन्सरची सुरुवात होऊ शकते. मोबाईल, वाय-फाय, मायक्रोवेव्ह यांच्या लहरी म्हणजे माती. कितीही उधळली तरी तिच्यात तोडण्याचं बळ नाही. आपल्या समईच्या उजेडातसुद्धा त्यांच्यापेक्षा हजारो पटींनी जोरकस कण असतात. फार माती एका जागी टाकली तर ढीग मात्र होतो, तशा या लहरी फार जोरात एका जागी सोडल्या तर ती जागा तापते. मायक्रोवेव्हमध्ये भाजी तापते ती अशीच. म्हणून टॉवरला आणि फोनला मर्यादा घातलेल्या असतात त्या या तापण्याचा विचार करून.

मेरी क्युरींनी आयुष्यभर दगड हाताळले, त्या काळी कुणाला धोका ठाऊक नव्हता. १९३४ मध्ये अस्थिमज्जा निकामी होऊन त्या गेल्या. त्यांच्या वह्या अजून शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात. बोस वर्षानुवर्षं लहरींच्या ठिणग्यांपुढे बसले आणि ७९ व्या वाढदिवसाला आठवडा राहिला असताना १९३७ मध्ये गेले. दोन माणसांच्या आयुष्यावरून काही सिद्ध होत नाही, मी ते पुरावा म्हणून सांगतही नाही. पण कलकत्त्यातली त्यांची उपकरणं शिशात बंद करावी लागली नाहीत, एवढं आठवणीत ठेवायला हरकत नाही.

हे सगळं मी इतकं लावून का धरतेय, त्याला कारण आहे. दौंड तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या कामाला जाते, तिथली ही गोष्ट. तेवीस वर्षांची मुलगी, पहिलटकरीण. तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. दवाखान्यातून घरी आली ती दोषी होऊनच. सासू म्हणाली, मोबाईल पोटावर ठेवून झोपायची. नणंद म्हणाली, मायक्रोवेव्हपुढे उभी राहायची. नवऱ्याने काही न बोलता फोन काढून घेतला. महिनाभर तिला आईशी बोलता आलं नाही, ज्या दिवसांत आईची सगळ्यात जास्त गरज होती तेव्हा. मी गेले तर ती भांडी घासत होती आणि मला विचारत होती की ताई, खरंच माझ्यामुळे झालं का.

तर मैत्रिणींनो, पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात त्यातल्या साधारण निम्म्यांत गुणसूत्रांचीच जुळणी चुकलेली असते. तो गर्भ मुळातच वाढू शकणारा नसतो. त्यात आईच्या फोनचा, उठण्याबसण्याचा, पपईचा काही हात नसतो. हे तालुक्याच्या डॉक्टरबाईंनी त्या सासूबाईंना समोर बसवून सांगितलं, माझ्या सांगण्याने भागलं नसतं. फोन परत मिळाला. सासूबाईंना पूर्ण पटलं असं मी म्हणणार नाही, मायक्रोवेव्हवर अजून टॉवेल टाकलेला असतो.

त्या मायक्रोवेव्हचंही सांगते. त्यातली लहर साधारण १२ सेंटिमीटर लांब. दाराच्या काचेत बारीक भोकांची धातूची जाळी असते ना, आपल्याला तिच्यातून आत दिसतं, पण इतक्या लांब लहरीला ती भोकं भोकं वाटतच नाहीत, तिच्या दृष्टीने ती सलग भिंत. हे मला खरं कळलं ते खोडदला. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला आमच्या गटाच्या बायका जीप करून गेलो होतो. तबकड्या पत्र्याच्या असतील असं वाटलं होतं, तर त्या तारेच्या जाळीच्या! पलीकडचं आभाळ दिसत होतं. तिथल्या मुलाने सांगितलं की आकाशातून येणारी लहर जाळीच्या भोकापेक्षा फार लांब, त्यामुळे ती जाळीवरून परत फिरते, आणि वाराही अडत नाही, खर्चही वाचतो. चाळणीतून पीठ गळतं पण लहर गळत नाही, असं आमच्यातली एक म्हणाली, आणि ते मायक्रोवेव्हलाही लागू पडतं. मायक्रोवेव्हचं दार बंद केलं की लहर आत, दार उघडलं की लहर बंद. अन्नात काही शिल्लक राहत नाही, दिवा मालवल्यावर खोलीत उजेड शिल्लक राहत नाही तसं. काळजी घ्यायची ती दार वाकडं झालं असेल तर वापरू नये याची, साध्या प्लास्टिकच्या डब्यात गरम करू नये याची, आणि बाळाचं दूध त्यात तापवलं तर नीट हलवून, मनगटावर थेंब टाकून बघायची. ते कुठे कोमट राहतं, कुठे कढत होतं.

खोडदला आम्हाला फोन बंद करायला लावले होते. फोन वाईट म्हणून नव्हे. ताऱ्यांकडून येणाऱ्या लहरी एवढ्या बारीक की शेजारी फोन चालू असला तर त्या ऐकूच यायच्या नाहीत, लग्नाच्या बँडशेजारी मुंगीचं पाऊल ऐकण्यासारखं. आणि अशा लहरी माणूस जन्मल्यापासून आकाशातून त्याच्या अंगावर पडतच आहेत.

मग कॅन्सरच्या बातम्या येतात त्या कुठून? २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मोबाईलसारख्या लहरींना ‘कदाचित’ या गटात टाकलं, म्हणजे पुरावा तोकडा आहे पण पूर्ण नाकारता येत नाही. बातमीत फक्त कॅन्सर हा शब्द मोठा छापला गेला. त्याच ‘कदाचित’ गटात पूर्व आशियातल्या पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत (आपलं कैरीचं लोणचं नव्हे, घाबरू नका). आणि त्याच्या एक पायरी वर, ‘बहुधा’ या गटात काय आहे माहीत आहे? घरातल्या चुलीतला लाकडाचा धूर. टॉवरविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्या किती तरी घरांच्या परसात अजून पाण्याची चूल पेटते आणि त्यापुढे एखादी बाई डोळे चोळत बसलेली असते. सर्वांत वरच्या, ‘नक्की’ या गटात तंबाखू आहे. मिश्री लावत टॉवरची चिंता करणाऱ्या मावश्या मी पाहिल्यात. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा आला, १९९४ ते २०२२ मधल्या ६३ अभ्यासांचा. मोबाईल वापरणं आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध त्यांना आढळला नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही.

मोठ्या शहरातले लोकही घाबरलेच होते. मुंबईत मलबार हिलला अभिनेत्री जुही चावला यांनी घरासमोरच्या टॉवरविरुद्ध आवाज उठवला होता. २०२१ मध्ये त्यांनी ५जी विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, तो फेटाळला गेला आणि २० लाखांचा भुर्दंड बसला, तो पुढच्या वर्षी २ लाखांवर आला. त्याच २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत, ५जी च्या चाचण्यांमुळे माणसं मरतायत असे निरोप फोनवर फिरत होते. तेव्हा देशात ५जी ची चाचणी सुरूसुद्धा झाली नव्हती, तसं सरकारला जाहीर करावं लागलं. ५जी देशात आलं ऑक्टोबर २०२२ ला. आणि ५जी साठी त्या वर्षी लिलावात निघालेल्या लहरींपैकी सर्वांत आखूड सव्वा सेंटिमीटरच्या आतली, म्हणजे बोस यांच्या टेबलावर सव्वाशे वर्षांपूर्वी होती तसलीच.

टॉवरबद्दल तक्रार करूच नये असं माझं म्हणणं नाही. जुन्या इमारतीच्या स्लॅबवर टनावारी लोखंड चढवणं, रात्रभर धडधडणारा जनरेटर, परवानगी न घेता उभं केलेलं काम, यावर जरूर भांडा. लहरींसाठी भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश केली, आणि २०१७ मध्ये दूरसंचार विभागाने ‘तरंग संचार’ नावाची सोय केली, तिथे आपल्या भागातला टॉवर नियमात आहे का ते बघता येईल आणि शुल्क भरून मोजणी मागता येईल अशी. आणखी एक, टॉवरची लहर दीपगृहासारखी आडवी फेकली जाते, अगदी पायथ्याशी ती कमीच असते. उलट टॉवर लांब असला की आपला फोनच जोर लावून ओरडतो, आणि तो कानाला चिकटलेला असतो. रेंज एकच दांडी दाखवत असेल तेव्हा तासभर बोलू नये, बोलायचंच तर स्पीकरवर. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबलं तर बहुतेक फोन आपला आकडा दाखवतात, तो १.६ च्या आत हवा. आणि चिमण्यांबद्दल एवढंच, की कौलं गेली, वळचणी गेल्या, भिंतीतले कोनाडे गेले, शेतात औषधं आली. घरटं बांधायचं कुठे आणि पिलाला अळी आणायची कुठून, हे आधी पाहावं लागेल.

बोस यांचं पुढे काय झालं? १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान झालं, लॉर्ड केल्व्हिनसारखे बुजुर्ग थक्क झाले. बिनतारी संदेशाची कीर्ती मात्र मार्कोनीच्या वाट्याला गेली. त्याने १९०१ मध्ये अटलांटिक महासागरापार संदेश घेतला, तेव्हा वापरलेलं टिपण-यंत्र बोस यांनी दोन वर्षांपूर्वी जाहीर केलेल्या यंत्रासारखंच होतं असं अभ्यासक सांगतात. बोस यांना शोधावर मालकी सांगणं मान्य नव्हतं. सारा बुल नावाच्या अमेरिकन मैत्रिणीने मागे लागून १९०४ मध्ये त्यांच्या नावावर एक अमेरिकन पेटंट करून घेतलं, त्यांनी त्यातून कमाई केली नाही. माझ्या घरी हा भाग मोठ्याने वाचला तेव्हा आमच्या ह्यांना फार हळहळ वाटली. मला तेवढी वाटली नाही. पगारासाठी तीन वर्षं अडून बसणारा आणि पेटंटसाठी हात न पसरणारा, हा एकच माणूस होता.

मग ते झाडांकडे वळले. झाडाची क्षणाक्षणाची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखवणारं यंत्र त्यांनी बनवलं. त्यांचे त्यातले काही निष्कर्ष पुढे वादात सापडले, काही आता नव्याने वाचले जातात. ३० नोव्हेंबर १९१७ ला, आपल्या ५९ व्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बसू विज्ञान मंदिर उघडलं. दोघांना मूलबाळ नव्हतं, होतं नव्हतं ते त्या संस्थेला लावलं. अबलाबाईंनी १९१९ मध्ये नारी शिक्षा समिती काढली, बंगालच्या खेड्यापाड्यांत मुलींच्या शाळा उघडल्या, विधवांना शिकवून शिक्षिका केलं. आपल्याकडे हिंगण्याला अण्णासाहेब कर्वे करत होते तेच काम. चरित्रांत त्यांना फार पानं मिळत नाहीत, मला ते खटकतं.

२३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीहला जगदीशचंद्र गेले. अबलाबाई त्यानंतर तेरा वर्षांहून अधिक काळ होत्या, समितीचं काम पाहत होत्या, १९५१ मध्ये त्या गेल्या. २०१२ साली विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने कलकत्त्यातल्या त्या प्रयोगांचा मिलिमीटर लहरींवरचे जगातले पहिले प्रयोग म्हणून गौरव केला. ती पितळेची शिंगं आणि नळ्या बसू विज्ञान मंदिरात जपून ठेवल्या आहेत.